झाडाला बांधलेली फळं

मोशीच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणारे उद्धवराव सोळुंके हल्ली लिफ्टमध्ये कुणी उभं दिसलं की जिन्याने वर जातात. गुडघे कुरकुरतात, तरी जातात. का जातात हे त्यांना कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून कुणी तोंडावर काही बोलत नाही, हेच त्यांना जास्त लागतं.

गोष्ट स्ट्रॉबेरीची आहे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. उद्धवरावांना वाटत नाही.

माणूस तसा नावाजलेला. चाकणच्या ज्या कारखान्यात ते होते तिथे ब्रेकचे सुटे भाग बनायचे, आणि माल बाहेर पडण्याआधी ज्या टेबलावर शेवटचा तपासला जायचा, त्या टेबलामागे त्यांची उभी हयात गेली. हातात माप घ्यायचं व्हर्निअर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डाव्या हाताला हिरवा क्रेट, उजव्या हाताला लाल. हिरव्यात पास झालेला नग, लालमध्ये नापास. लाल क्रेटमध्ये पडलेला नग पुन्हा हिरव्यात गेलेला कुणी पाहिला नाही. एका दिवाळीच्या तोंडावर त्यांनी भरलेला ट्रक गेटवरून परत फिरवला होता. लाइनचा इनचार्ज काकुळतीला आला होता. "सोळुंके, केसाएवढा फरक आहे राव. कोण बघतंय?" उद्धवराव म्हणाले, "मी बघितलाय ना." ट्रक उतरवला गेला. तेव्हापासून चाकणमध्ये एक बोलणं रूढ झालं, की उद्धवरावांनी ओके म्हटलं म्हणजे ओके.

गिऱ्हाईक कंपनीची माणसं ऑडिटला यायची त्या दिवशी कारखान्याचं रूप पालटायचं. फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने मारले जायचे, लाल क्रेट पत्र्याआड सरकवले जायचे आणि दर्शनी टेबलावर निवडून निवडून, पुसून चकचकीत केलेले नग मांडले जायचे. सगळे त्या टेबलाभोवती इस्त्रीच्या कपड्यांत उभे राहायचे. उद्धवराव तेवढे नाही. "हा काय आपला रोजचा माल नाही," असं पुटपुटत ते मागे आपल्या जागेवर जाऊन बसायचे. पोरं हसायची. पण त्याच पोरांनी लग्नासाठी मुलगी बघायला जाताना उद्धवरावांना सोबत नेलं, की या माणसाच्या तोंडून खोटं निघणार नाही.

औशाकडचं गाव सोडून ते तरुणपणी इकडे आले, भोसरीत खोली केली, मग मोशीत हे घर घेतलं. बायको यशोदाबाई. मुलगा निरंजन चाकणलाच एका कंपनीत शिफ्टमध्ये. सून वर्षाली राजगुरुनगरची, हिंजवडीला नोकरीला. उद्धवरावांना ती अण्णा म्हणते. मुलगी नव्हती म्हणून असेल, पण तिने अण्णा म्हटलं की त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

रिटायर झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, कुकरच्या शिट्ट्या तपासून झाल्या. मग एका पावसाळ्याच्या शेवटी वाईकडच्या रोपवाटिकेतून ते स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आले. गोडेतेलाचे रिकामे डबे त्यांनी आडवे कापले, तळाला भोकं पाडली, कोकोपीट आणि शेणखत कालवून भरलं. बाल्कनीत कबुतरांसाठी जाळी होतीच. तिच्या आतल्या बाजूला, ग्रिलला साखळ्या अडकवून त्यांनी ते डबे एकाखाली एक टांगले. टांगताना प्रत्येक डब्याला पाणसळ लावली. यशोदाबाई म्हणाल्या, "झाडाला तेवढंबी कळंना का वाकडं हाय का सरळ?"

"पाणी एका बाजूला साठतं," उद्धवराव म्हणाले, आणि साखळीची एक कडी वर घेतली.

रोपं लागली. दिवाळीच्या सुमारास पांढरी फुलं आली. चौथ्या मजल्यावर मधमाशी फारशी फिरकत नाही, म्हणून उद्धवराव सकाळी रंगाचा मऊ ब्रश घेऊन एका फुलावरून दुसऱ्या फुलावर फिरवायचे. वर्षालीला तेव्हा तिसरा महिना होता. सकाळचा चहा नकोसा व्हायचा, पण ती तो कप हातात धरून बाल्कनीत बसायची आणि सासऱ्याचं ब्रश फिरवणं बघायची. एकदा म्हणाली, "अण्णा, मला आंबट खावंसं वाटतंय. हे कधी तयार होणार?"

बस. उद्धवरावांना काम मिळालं.

दिवाळीला वर्षालीची आई जयमालाबाई राजगुरुनगरहून आल्या. विहिणीसमोर उद्धवरावांनी डबे दाखवले, साखळ्या दाखवल्या, ब्रश दाखवला. आणि बोलता बोलता बोलून गेले, "विहीणबाई, डोहाळजेवण आम्ही बागेतलं करणार. इथंच, या डब्यांखाली. लेक झाडावरनं हातानं तोडून खाईल. बाजारातलं एक फळ नाही. औषधाचा थेंब नाही. धुवायचीसुद्धा गरज नाही."

डोहाळजेवण कुणी बागेतलं करतं, कुणी चांदण्यातलं, कुणी नावेतलं. शहरात बाग आणायची कुठून, म्हणून लोक हॉल घेऊन कागदाची झाडं लावतात. जयमालाबाईंना हे आवडलं. त्या म्हणाल्या, "बघू बाई, आमच्या पोरीचं नशीब. तुम्ही म्हणताय म्हणजे होणारच."

हे शेवटचं वाक्य उद्धवरावांनी मनात जपून ठेवलं.

फळं धरली, पण जशी उद्धवरावांच्या मनात होती तशी नव्हती. ब्रशने कुठे पराग लागला, कुठे नाही. त्यामुळे एखादं फळ एका बाजूने फुगलेलं, दुसऱ्या बाजूने चेपलेलं. एखाद्याच्या टोकाला हिरवी गाठ. एखादं नुसतंच बोराएवढं. उद्धवराव चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन प्रत्येक फळ बघायचे, आणि वाकडं दिसलं की कात्रीने कचकन कापायचे. झाडाची ताकद चांगल्या फळाला जावी हा हिशेब. कापलेली फळं ते एका लाल टोपलीत टाकायचे. टोपली लाल निघाली हा योगायोग असेल, नसेलही.

एकदा वर्षालीने त्या टोपलीत हात घातला. एक चेपकं फळ, अर्धं लाल, अर्धं पांढरं, तिने उचललं.

"ते नको," उद्धवराव म्हणाले.

"का? चवीला तर चांगलंच असणार. वास छान येतोय."

"अगं, ते रिजेक्ट आहे. तुला मी चांगलं देतो. थोडी कळ काढ."

वर्षालीने फळ परत टोपलीत ठेवलं. ठेवताना तिने त्याचा वास घेतला. ते उद्धवरावांनी पाहिलं, आणि त्यांना त्या वेळी स्वतःचा अभिमानच वाटला. पुढे त्यांना ती घटका आठवली की अंगावर काटा यायचा, पण ते पुढे.

डोहाळजेवणाचा दिवस जवळ आला तसं त्यांच्या लक्षात आलं की हिरव्या क्रेटमध्ये जाईल असं एकही फळ झाडावर उरलेलं नाही. वाकडी होती ती त्यांनी स्वतःच कापून टाकली होती. नवी होती ती पांढरी, टणक, अजून पंधरवडा तरी लागेल अशी. जयमालाबाईंनी सगळ्या भावकीला सांगून ठेवलं होतं. सोसायटीच्या बायकांनी यशोदाबाईंना विचारून विचारून भंडावलं होतं. निरंजनने फोटोवाला ठरवला होता. उद्धवराव दोन दिवस बाल्कनीत नुसते येरझारा घालत होते. यशोदाबाईंना वाटलं, हे नातवाच्या आनंदात आहेत.

आदल्या दिवशी सकाळी ते स्कूटर घेऊन निघाले. मोशीत ओळखीचे, भोसरीत जुने शेजारी, म्हणून थेट पिंपरीच्या मंडईत गेले. थंडीत तिथे महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी खोक्यांनी येते. उद्धवरावांनी हेल्मेट काढलं नाही. हेल्मेटच्या आतूनच बोलले. फळवाला म्हणाला, "काका, ऐकू येत नाही, टोपी काढा की." त्यांनी बोटाने खोकं दाखवलं. आणि तिथेही सवय सुटली नाही : देठ हिरवागार असलेली, टोकदार, सारख्या मापाची तेवढीच फळं वेचून घेतली.

डोहाळजेवणाच्या दिवशी घर उठायच्या आत ते बाल्कनीत गेले. यशोदाबाईंच्या शिलाईच्या डब्यातून त्यांनी हिरवा दोरा घेतला होता. एकेका फळाचा देठ झाडाच्या दांड्याला लावून, दोऱ्याचे दोन वेढे, एक गाठ, टोक कापून पान वरून ओढून घ्यायचं. हात सराईत होते. बघता बघता रिकामे डबे लालबुंद फळांनी लगडले. मागे सरून त्यांनी पाहिलं. ऑडिटच्या दिवशीचं टेबल अगदी असंच दिसायचं, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते मनातून काढून टाकलं.

आतून यशोदाबाईंचा आवाज आला. "अहो, काय करायलाव तिथं एवढ्या सकाळी?"

"पाणी घालतोय."

"फळं आली का?"

"आली," उद्धवराव म्हणाले. आयुष्यात नापास मालाला पास म्हणण्याची त्यांची ही पहिली वेळ, आणि ती किती सहज गेली याचंच त्यांना नवल वाटलं.

दुपारी घर बायकांनी भरून गेलं. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य, अशी वर्षाली डब्यांखाली पाटावर बसली. खरंच सुंदर दिसत होती. जयमालाबाईंनी डोळे पुसले. गाणी झाली, चेष्टा झाली. "सासऱ्यानं बाग केली, सासूनं काय केलं?" असं कुणीतरी विचारलं, तर यशोदाबाई म्हणाल्या, "सासूनं सासऱ्याला सहन केलं." हशा पिकला.

इमारतीमागे ज्यांचा गोठा होता त्या शालनबाईही आल्या होत्या. ही सगळी सोसायटी उभी आहे ती जमीन मूळची त्यांच्या घराची. जमीन गेली, फ्लॅट मिळाले, तरी शालनबाई आणि त्यांचे मालक आबाजी यांनी दोन म्हशी सोडल्या नव्हत्या, आणि इमारतीतली निम्मी घरं त्यांचंच दूध घ्यायची. पहिलारू म्हैस नुकतीच व्याली होती. शालनबाईंनी वेलदोडा घालून खरवस केला होता आणि स्टीलच्या डब्यात आणला होता. "गरवार पोरीला चिकाचा खरवस द्याया पायजे," त्या म्हणाल्या. "म्हशीनं बी पयल्यांदाच दिलाय आन् तुमी बी पयल्यांदाच. खा."

मग फळ तोडायची वेळ आली. फोटोवाला पुढे झाला. वर्षालीने हात वर करून सगळ्यात मोठं फळ धरलं. जयमालाबाई म्हणाल्या, "अगं, धुऊन घे आधी."

सगळ्यांच्या नजरा उद्धवरावांकडे वळल्या. आता थांबता आलं असतं. ते पुढेही कितीतरी वेळा स्वतःशी म्हणाले, तिथे थांबता आलं असतं. "हो, धू," एवढंच म्हणायचं होतं. पण धुवायला न्यायचं म्हणजे नळाखाली कुणीतरी हातात घेऊन देठ बघायचं. ते हसले आणि म्हणाले, "विहीणबाई, घरचं आहे. बिनधास्त खाऊ दे."

वर्षालीने फळ ओढलं. ते जरा अडलं, मग सुटून हातात आलं. तिने तळहाताकडे पाहिलं. देठाभोवती हिरव्या दोऱ्याची गाठ होती. तिने मान वर करून उद्धवरावांकडे पाहिलं. फार नाही, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग अंगठ्याने दोरा सोडवून मुठीत घेतला आणि फळ तोंडात घातलं.

"कशी आहे गं?" बायकांनी विचारलं.

"गोड आहे," वर्षाली म्हणाली.

त्यांनी आणखी खायला लावलं. वर्षालीने आणखी खाल्ल्या. प्रत्येक वेळी हात स्वतःच वर केला, दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाही. "माझे डोहाळे आहेत, मीच तोडणार," असं हसत म्हणाली. बायकांना लाडिकपणा वाटला. तिची डावी मूठ संध्याकाळपर्यंत मिटलेली होती, हे फक्त उद्धवरावांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वर्षालीला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. दुपार होईतो तिचे ओठ सुकले आणि ती उभी राहीना. निरंजन शिफ्ट सोडून आला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, ते नीट होते. पण अंगातलं पाणी कमी झालं होतं, सलाइन लावायचं म्हणाल्या. आत नेण्याआधी त्यांनी सगळ्यांनाच विचारलं, "काल काय खाल्लं होतं? बाहेरचं, कच्चं, न धुतलेलं काही?"

यशोदाबाई लगेच म्हणाल्या, "बाहेरचं कायबी नाही. सैपाक मी केला. फळंसुद्धा आमच्या घरच्या झाडाची." मग त्यांना आठवलं. "खरवस तेवढा बाहेरनं आला होता. दूधवालीच्या घरचा."

जयमालाबाई म्हणाल्या, "तरी मला तो पिवळट वाटला होता."

उद्धवराव भिंतीला पाठ लावून उभे होते. शेतात फवारलेल्या औषधाची बाधा वेगळी आणि पोटात जंतू जाऊन होणारी वेगळी, एवढं त्यांनाही कळत होतं. डॉक्टरांना खरं कळलं नाही तर उपचार चुकू शकेल, हेही कळत होतं. बाजूला विहीण होती, बायको होती, मुलगा होता. डॉक्टरीणबाईंनी "बरं" म्हणून पडदा ओढला आणि त्या वर्षालीला घेऊन आत गेल्या.

बाकावर बसून उद्धवरावांनी आपले हात पाहिले. बोटांच्या पेरांना अजून दोऱ्याचा व्रण असावा असं त्यांना वाटलं. नव्हता. एका केसाएवढ्या फरकासाठी ट्रक परत फिरवणारा माणूस, आपल्या सुनेच्या पोटात काय गेलं ते सांगेना. त्यांना बसवेना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तसे ते व्हरांड्यात त्यांच्या मागे गेले, आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ती स्ट्रॉबेरी घरची नव्हती. मंडईतली होती. धुतली नव्हती. मी..."

"हो, वर्षालीने सांगितलं मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत तपासताना. तुम्ही सगळे बाहेर होतात तेव्हा. त्याप्रमाणेच औषध चालू केलंय, घाबरू नका. फवारणीची लक्षणं दिसत नाहीत. आणि स्ट्रॉबेरीनेच झालं असं तरी कुठे सिद्ध आहे, एवढ्या पंगतीत काहीही असू शकतं." मग जाता जाता म्हणाल्या, "ती म्हणाली, घरच्यांना यातलं बोलू नका."

उद्धवराव तिथेच उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. पोरीने तो आधीच उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, सलाइनची सुई टोचून घेताना.

संध्याकाळी बाकीचे चहाला गेले तेव्हा ते तिच्या खाटेजवळ बसले.

"कळलं होतं तर खाल्लीस कशाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सगळे बघत होते ना, अण्णा." मग जरा थांबून ती म्हणाली, "दोरे मी टाकून दिलेत. कुणाला दिसायचे नाहीत."

ती हे मायेनेच म्हणाली. उद्धवरावांना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

वर्षाली दोन दिवसांत घरी आली. ती बरी झाली, बाळ बरं होतं, आणि प्रकरण मिटलं. म्हणजे उद्धवरावांवर काही आलं नाही. इमारतीत ते शालनबाईंच्या नावावर जमा झालं. यशोदाबाईंनी दारात दूध घेताना बोलून दाखवलं, "गरवार बाईला असलं काही द्यायच्या आधी बघावं की जरा." खालच्या मजल्यावरच्या दोन घरांनी दूध बंद करून पिशवीचं सुरू केलं. लिफ्टमध्ये बायका म्हणायच्या, गोठा किती घाण आहे बघितलाय का. गोठा घाण नव्हता. उद्धवराव लिफ्टमध्येच असायचे आणि वरचे आकडे बदलताना बघत राहायचे. सांगायचं तर आता काय सांगायचं, वर्षाली सुखरूप आहे, तिनेच झाकलं आहे, आता उघडून कुणाचं भलं होणार, असे ते स्वतःला समजावायचे. समजूत पटायची नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी मावळायचे. वर्षाली दूध घ्यायला दारात जायची बंद झाली, आणि जेवताना त्यांच्याकडे बघायचीही.

एका सकाळी बेल वाजली. दारात शालनबाई होत्या. किटली नव्हती. चपला बाहेरच काढून त्या उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या.

"पोर बरी हाय का, एवढंच इचाराया आले," त्या यशोदाबाईंना म्हणाल्या. "दूध न्हाई आनलं. तुमास्नी नगं आसंल."

"बरी आहे," यशोदाबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

"आमी चीक चांगला शिजवला व्हता, ताई. घरात समद्यांनी खाल्ला. कुनाला काय झालं न्हाई. तरी मी म्हनते, काय तरी ऱ्हायलं आसंल माज्या हातनं." शालनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे म्हन्त्यात, म्हसरं इकून टाकू. लोकांचं बोल कुठवर ऐकायचं."

आतल्या दारात वर्षाली येऊन उभी होती. तिने उद्धवरावांकडे पाहिलं. डोहाळजेवणाच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, पण या वेळी नजर खाली घातली नाही.

उद्धवराव खुर्चीतून उठले. "शालनताई, खरवसाचं काही नव्हतं," ते म्हणाले. "त्या स्ट्रॉबेऱ्या माझ्या झाडाच्या नव्हत्या. पिंपरीच्या मंडईतनं आणल्या. दोऱ्यानं बांधल्या. धुऊ दिल्या नाहीत, कारण दोरा दिसला असता."

मागच्या गोठ्यातलं रेडकू ओरडलं.

यशोदाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो रागाने नाही, खरोखरच कळलं नाही म्हणून विचारला. "अहो, पण कशाला? नाही आली तर नाही आली म्हणायचं. कुणी खाल्लं असतं का तुम्हाला?"

उद्धवराव बाल्कनीत टांगलेल्या डब्यांकडे बघत राहिले.

शालनबाईंनी बोटाचा पदर सोडला. मग म्हणाल्या, "एवढं दिस मी माज्या म्हशीकडं वाकड्या डोळ्यानं बघत व्हते, भाऊ. मुकं जनावर. तिचा पयलाच चीक. मी तिला म्हनाले, तुज्यात काय इख हाय का गं." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. दार वर्षालीने हलकेच लोटलं.

त्यानंतर जे करायचं ते उद्धवरावांनी केलं. खालच्या त्या दोन घरांची बेल स्वतः वाजवली आणि दारात उभं राहून तेच सांगितलं. एका घरातल्या बाई हसू दाबण्यासाठी आत निघून गेल्या. राजगुरुनगरला फोन केला, तर जयमालाबाई सगळं ऐकून घेऊन फक्त "ठीक आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं. गोठ्यावर गेले तेव्हा आबाजी वैरण टाकत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय राव, उन्हाळ्यात आंबं कुठल्या झाडाला बांधनार? आमच्या बाभळीला बांधा, फांद्या मजबूत हायती." पलीकडे बसलेली माणसं खो खो हसली. आबाजी हसले नाहीत. वैरणीची पेंढी टाकून झाल्यावर त्यांनी उद्धवरावांसाठी बाज पुढे ओढली. उद्धवराव बसले नाहीत. बसायला तोंड नव्हतं.

दूध पुन्हा सुरू झालं. शालनबाई पूर्वीसारखीच किटली घेऊन येतात, मापावर थोडं जास्तच घालतात. फक्त आत येऊन बसत नाहीत.

डबे अजून तिथेच टांगलेले आहेत. ते काढून टाकावेत असं उद्धवरावांच्या मनात आलं होतं, पण काढताना पुन्हा सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून राहिले. पाणी घालायचं तेवढं घालतात. कात्री त्यांनी कपाटात ठेवली ती काढली नाही. त्यामुळे माघ संपत आला तशी फळं आली, झाडाला हवी तशी. चेपकी, गाठीची, बोराएवढी. कुणी कापली नाहीत म्हणून ती लाल होत गेली.

बाळंतपणासाठी वर्षाली माहेरी निघाली त्या दिवशी तिची बॅग दारात आली होती. गाडी यायला अवकाश होता. ती बाल्कनीत गेली, हात वर करून एक वाकडं फळ धरलं. ते सहज सुटून आलं.

उद्धवराव मागे उभे होते. "ते..." ते म्हणाले आणि थांबले. ते घरचं आहे, असं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला, पण त्याला आता किंमत उरली नव्हती आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

"हो, अण्णा," वर्षाली म्हणाली. तिने फळाचा वास घेतला, आणखी दोन-तीन तोडली, देठ उलटसुलट करून पाहिले. नकळतच पाहिले असावेत. मग ओंजळ सांभाळत ती आत वळली. "धुऊन आणते."

"धू," उद्धवराव म्हणाले. "नीट धू."

आत नळ सुरू झाला. हलणाऱ्या डब्याची साखळी हातात धरून ते ऐकत उभे राहिले. पाणी बराच वेळ चालू होतं.